मैदानाबाहेर उभं राहणारं गाव

फ्लोरिडा राज्यातल्या ऑरलँडो शहरात, जुन्या वस्तीला लागून, साठ हजारांवर माणसं बसतील एवढं एक स्टेडियम आहे. त्याचं नाव ‘कॅम्पिंग वर्ल्ड स्टेडियम’. कॅम्पिंग वर्ल्ड ही एक दुकानसाखळी. तिच्या दुकानांत चाकांवरची घरं विकली जातात. आत पलंग, ओटा, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, संडास, सगळं असतं, आणि हे घर महामार्गावरून ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने धावतं. अमेरिकेत अशा गाड्यांना सरसकट ‘आरव्ही’ म्हणतात. २०१६ साली या साखळीने स्टेडियमला आपलं नाव लावण्याचा हक्क विकत घेतला.

जागचं इंचभरही न हलणारं स्टेडियम आणि हलण्यासाठीच बांधलेलं घर यांचा संबंध काय, या प्रश्नाने मला धरून ठेवलं. धागा ओढत गेल्यावर कळलं की या नावाच्या फलकामागे शंभर वर्षांची सोयरीक आहे. त्या सोयरिकीत संत्र्याच्या बागा आहेत, पितळी वाद्यं आहेत, घोडागाडीतून हिंडणारे कारागीर आहेत आणि फुटबॉलपायी पोटच्या लेकीचं लग्न चुकवणारे आईबापही आहेत.

आधी संत्र्यांकडे जाऊ. महामंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने बेकारांच्या हाताला काम मिळावं म्हणून देशभर बांधकामं काढली होती. हे स्टेडियम त्यांतलंच एक. १९३६ साली ते उभं राहिलं तेव्हा जेमतेम नऊ हजार माणसं बसण्याची सोय होती. भोवतालच्या मध्य फ्लोरिडात मैलोन् मैल संत्र्याच्या बागा. १ जानेवारी १९४७ रोजी इथे कॅटॉबा आणि मेरीव्हिल या दोन छोट्या कॉलेजांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला आणि त्याला नाव दिलं गेलं ‘टँजरिन बोल’. ‘बोल’ म्हणजे मोसम संपल्यावर, नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास होणारा निमंत्रितांचा सामना. टँजरिन हे आपल्या नागपुरी संत्र्याचं सख्खं भावंड, त्याच मँडरिन कुळातलं, सैल सालीचं. सामन्याचं नाव पुढे मैदानालाही चिकटलं.

उत्तरेकडची राज्यं बर्फाखाली गेलेली असताना इथे शर्टाच्या बाह्या दुमडून सामना बघता येतो, हे त्या नावातून सगळ्या देशाला सांगितलं जात होतं. संत्र्याचं चित्र पाहून माणसं थंडीतून निघून दक्षिणेला यायची.

१९८३ साली फ्लोरिडाच्या लिंबूवर्गीय फळांच्या आयोगाने अडीच लाख डॉलर मोजून सामन्याला आपलं नाव दिलं आणि टँजरिनचं ‘सिट्रस बोल’ झालं. त्याच वर्षीच्या नाताळात कडाक्याची थंडी पडली आणि मध्य फ्लोरिडातल्या बागा करपल्या. १९८५ च्या जानेवारीत पुन्हा तेच, १९८९ च्या डिसेंबरात पुन्हा तेच. बागायतदारांनी झाडं परत लावण्याऐवजी जमिनी विकल्या. शेजारी १९७१ पासून डिस्ने वर्ल्ड उभं होतं, गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. जे वाचलं त्यावर २००५ पासून ‘ग्रीनिंग’ रोग आला. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना हा रोग आणि तो पसरवणारी सायला कीड वेगळी सांगायला नको. १९९७-९८ च्या हंगामात फ्लोरिडात संत्र्याच्या २४ कोटी ४० लाख पेट्या निघाल्या होत्या. २०२३-२४ मध्ये तो आकडा दोन कोटींच्याही खाली होता.

स्टेडियम मात्र वाढत गेलं. १९९४ च्या सॉकरच्या, म्हणजे आपल्याकडच्या फुटबॉलच्या, विश्वचषकाचे पाच सामने इथे झाले. २०१४ मध्ये खालचा सगळा भाग पाडून, वीस कोटी डॉलरहून जास्त खर्चून, जानेवारी ते नोव्हेंबर एवढ्या अवधीत ते नव्याने बांधलं गेलं. आणि दोन वर्षांनी फळाचं नाव जाऊन चाकांवरच्या घरांचं नाव आलं. फ्लोरिडा कशावर जगतं याची नोंद या एका दर्शनी भिंतीवर वाचता येते. ज्या उबेसाठी लोक संत्र्याचं चित्र बघून येत होते, त्याच उबेला गाडी घेऊन येणारं गिऱ्हाईक आता मोलाचं ठरलं होतं.

हे गिऱ्हाईक फार जुनं आहे. १९१९ साली, म्हणजे पहिलं महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झालं असताना, टँपा शहरातल्या डी सोटो पार्कात मोटारीतून प्रवास करणारी काही कुटुंबं एकत्र आली. तंबू आणि डबाबंद अन्न गाडीत टाकून ती उत्तरेतून आली होती. त्यांनी संघटना काढली आणि नाव ठेवलं ‘टिन कॅन टूरिस्ट्स’. रेडिएटरच्या झाकणावर डाग देऊन बसवलेला पत्र्याचा रिकामा डबा ही त्यांची खूण. समोरून येणाऱ्या गाडीवर तो डबा दिसला की थांबायचं, विचारपूस करायची, काही बिघडलं असेल तर हात लावायचा. पुढे तंबूची जागा ट्रेलरने घेतली. तिशीच्या दशकात सारासोटा शहराने त्यांना बोलावून घेतलं, आणि त्यांचा हिवाळी तळ पडला तो पेन पार्क या बेसबॉल मैदानाच्या शेजारी. मोठे बेसबॉल संघ तिथे वसंतातल्या सरावाला येत. चाकांवरचं घर आणि मैदानाची प्रेक्षकगॅलरी अशी ती दोन्ही इतक्या लवकर शेजारी आली होती.

मला वाटतं, या साऱ्या धंद्याचं मर्म त्या शेजारात आहे. आरव्ही ही गाडी कुणाला रोज लागत नाही. कामावर जाताना नाही, बाजारात जाताना नाही. ती विकायची तर आधी जायचं ठिकाण विकावं लागतं. समुद्रकिनारा, राष्ट्रीय उद्यान, नातवंडांचं गाव ही ठिकाणं आहेतच, पण ती कधीही गेलं तरी चालतात, म्हणून जाणं पुढे ढकललं जातं. सामना मात्र ठरलेल्या तारखेला असतो. मोसमाचं वेळापत्रक भिंतीवर लागलं की कुटुंबाचे शनिवार-रविवार आपोआप ठरतात. गाडी दाराशी पडून राहत नाही. दुकानदाराच्या दृष्टीने स्टेडियम म्हणजे तारीख असलेलं ठिकाण, आणि अशी तारीख डोंगराला किंवा सरोवराला नसते.

कॅम्पिंग वर्ल्डचा जन्मही असाच झाला. १९६६ साली केंटकीतल्या बोलिंग ग्रीन गावी डेव्हिड गार्विन या तरुणाने आपल्या वडिलांच्या ‘बीच बेंड’ पार्कात छोटंसं दुकान टाकलं. पार्कात पाळणे होते, मुक्कामाचा मोठा तळ होता आणि मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅकही होता. तळावर उतरलेल्या माणसांना जे सामान लागेल ते तिथेच मिळावं, एवढीच कल्पना. त्याच १९६६ साली एका मासिकाच्या वाचकाने सुचवलं की अडचणीतल्या प्रवाशाला मदत करायला जो तयार असेल त्याने गाडीच्या मागे एक स्टिकर लावावं. त्यातून ‘गुड सॅम क्लब’ उभा राहिला. पत्र्याच्या डब्याचा तो नवा अवतार होता. आज हा क्लब आणि ही दुकानं एकाच उद्योगाचा भाग आहेत, आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत, विमा, तळांवरच्या सवलती या सगळ्यांतून मिळणारा पैसा गाडीच्या विक्रीइतकाच भरवशाचा असतो. गाडी दहा वर्षांतून एकदा घेतली जाते, विम्याचा हप्ता दर वर्षी भरावा लागतो.

आता या घराच्या आत डोकावू. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने ‘घर’ कशाला म्हणायचं हे ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या आहेत: झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि संडास. या तीन असल्या की ते घर. मग ते पायावर उभं असो, पाण्यावर तरंगत असो वा चाकांवर. म्हणून आरव्हीसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज दुसऱ्या घराच्या व्याजासारखं करपात्र उत्पन्नातून वजा मागता येतं. हे वाचल्यावर मी बराच वेळ विचार करत होते. घर या गोष्टीची इतकी स्वच्छ व्याख्या मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. भिंत नाही, अंगण नाही, पत्ता नाही. अंथरूण, चूल आणि मोरी.

या तीन गोष्टी रस्त्याच्या मापात बसवणं हे खरं कौशल्य. महामार्गावर गाडीची रुंदी साडेआठ फुटांच्या वर चालत नाही. साडेआठ फुटांत बैठकीची खोली करायची कशी? १९९० साली न्यूमार या कंपनीने त्यावर उत्तर काढलं. गाडी थांबल्यावर बटण दाबलं की भिंतीचा एक भाग, त्यातल्या सोफ्यासकट, बाहेर सरकतो आणि खोली दोन-तीन फुटांनी रुंद होते. निघताना पुन्हा आत. खाली पोटात तीन टाक्या असतात. एक ताज्या पाण्याची, एक सिंक आणि न्हाणीतल्या सांडपाण्याची, एक मैल्याची. स्टेडियमच्या आवारात बहुधा नळही नसतो आणि गटाराची जोडणीही. म्हणून किती दिवस मुक्काम करता येईल हे पेट्रोल ठरवत नाही, पैसेही ठरवत नाहीत, त्या टाक्या ठरवतात. शुक्रवारी येऊन रविवारी निघणाऱ्या कुटुंबात पाणी जपून वापरायची शिस्त लहान मुलांनाही असते.

ही घरं बनतात कुठे? अमेरिकेतल्या आरव्हींपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त एकाच गावाच्या परिसरात बनतात. ते गाव इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट. तिशीच्या दशकात तिथे ट्रेलर बनू लागले. एकाने कारखाना काढला, त्याच्याकडे शिकलेल्याने दुसरा काढला, मग खिडक्या करणारे, गाद्या करणारे, टाक्या करणारे आसपास जमले. आज त्या भागात सकाळी अंधारातच कारखाने सुरू होतात आणि दुपारी लवकर सुटतात. पाळी सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या कामगारांत आमिश पंथाची कितीतरी माणसं असतात. हे लोक मोटार बाळगत नाहीत, घरात बाहेरून विजेची तार घेत नाहीत. सायकलवरून किंवा घोडागाडीतून ते घरी जातात. सुतारकामात त्यांचा हात इतका तयार की देशातल्या मोटरहोमची कपाटं, चौकटी, छतं त्यांच्या हातून निघतात. जी वस्तू ते स्वतः कधी घेणार नाहीत ती ते एवढ्या निगुतीने करतात.

आणि याच एल्कहार्टची त्याआधीची ओळख काय होती? पितळी वाद्यं. १८७० च्या दशकात चार्ल्स कॉन नावाच्या कॉर्नेटवादकाने तिथे वाद्यं बनवायला सुरुवात केली. खांद्यावरून अंगाभोवती वळसा घेणारा जो प्रचंड सूसाफोन संचलनाच्या बँडमध्ये दिसतो, त्याच्या घडणीतही कॉनच्या कारखान्याचा वाटा आहे. पुढे सेल्मरसारखी नावं आली आणि अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या बँडची वाद्यं मोठ्या प्रमाणावर एल्कहार्टमधून जाऊ लागली. म्हणजे मध्यंतराला मैदानावर जे वाजतं आणि सामना चालू असताना मैदानाबाहेर जे उभं असतं, ती दोन्ही एकाच गावची. जड जेवणानंतर पाण्यात टाकून घ्यायची अल्का-सेल्झरची गोळीसुद्धा १९३१ साली याच गावातल्या माइल्स कंपनीने काढली. अमेरिकन फुटबॉलचा शनिवार ज्या ज्या गोष्टींनी बनतो, त्यांतल्या इतक्या गोष्टी एका गावात घडाव्यात आणि त्याची फारशी कुणी वाच्यता करू नये, याचं मला फार नवल वाटतं.

शनिवारचा विषय निघालाच आहे. पिकअप ट्रकचा मागचा फाळका खाली पाडायचा, त्यावर जेवण मांडायचं, शेजारी शेगडी पेटवायची आणि सामन्याआधी चार-सहा तास तिथेच खाणंपिणं, गप्पा, गाणी करायची, याला तिकडे ‘टेलगेटिंग’ म्हणतात. आरव्ही आली तसे हे तास वाढून दिवस झाले. आपल्याकडे जत्रेला बैलगाड्यांतून आलेली कुटुंबं बैल सोडून, गाडीच्या सावलीत चूल मांडून दोन-तीन दिवस राहत, तसाच हा मुक्काम असतो. शेजार ठरलेला असतो. वीस-वीस वर्षं तीच कुटुंबं त्याच ओळीत गाडी लावतात, एकमेकांची मुलं मोठी होताना बघतात आणि एरवी वर्षभर भेटत नाहीत. कित्येकांकडे सामन्याचं तिकीटही नसतं. गाडीच्या कुशीला लावलेल्या टीव्हीवर ते सामना बघतात आणि भिंतीपलीकडून गर्जना आली की टीव्हीवर दिसण्याआधीच त्यांना काय झालं ते कळतं.

अलाबामा विद्यापीठाच्या संघामागे असा अख्खा तांडा फिरतो. वॉरन सेंट जॉन या पत्रकाराने स्वतः एक जुनी आरव्ही विकत घेऊन त्या तांड्याबरोबर मोसम काढला आणि २००४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. लेकीच्या लग्नाचा मुहूर्त नेमका टेनेसीविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी आला म्हणून लग्न चुकवणारं आणि स्वागत समारंभाला तेवढं पोचणारं जोडपं त्यातच भेटतं. त्याच राज्यातल्या टॅलाडेगाच्या मोटार शर्यतींना तर ट्रॅकच्या आतल्या मैदानातच गाड्यांचं गाव वसतं. शर्यत त्या गावाला प्रदक्षिणा घालते. कॅम्पिंग वर्ल्डने २००९ पासून कितीतरी मोसम ट्रकांच्या राष्ट्रीय शर्यतमालिकेला आपलं नाव दिलं होतं, ते काही उगीच नाही.

जॉन मॅडनची गोष्ट इथे सांगायलाच हवी. ओकलंड रेडर्स या व्यावसायिक फुटबॉल संघाचा हा प्रशिक्षक १९७७ च्या जानेवारीत सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक मोसमाचा अंतिम सामना, जिंकला. पुढे तो टीव्हीवरचा सर्वांत लाडका समालोचक झाला. पण त्याला विमानात बसणं सहन होत नसे. १९७९ नंतर त्याने विमान सोडलं ते सोडलंच. आधी रेल्वे, मग १९८७ पासून खास सजवलेली बस, ‘मॅडन क्रूझर’. दर आठवड्याला वेगळं शहर, वेगळं स्टेडियम, आणि मधले हजारो मैल रस्त्याने. त्या बसच्या खिडकीतून त्याने देश जसा पाहिला तसा बाकीच्या समालोचकांपैकी कुणी पाहिला नसेल. त्यातली एक बस ओहायोतल्या कँटन इथल्या फुटबॉल संग्रहालयात ठेवलेली आहे.

एवढ्या गाड्या मावतात कुठे, हा प्रश्न मुंबईकराला पडणारच. वानखेडे १९७५ साली पश्चिम रेल्वेच्या रुळांना खेटून उभं राहिलं. चर्चगेटला उतरायचं आणि चालत जायचं. तिथे गाडी लावायला जागा शोधणं हाच वेडेपणा. अमेरिकेतली बहुतेक स्टेडियमं मोटारीच्या युगात बांधली गेली. १९६२ सालच्या लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमला ५६,००० आसनं आणि सोळा हजार गाड्यांची जागा. इमारतीपेक्षा तिच्याभोवतीचं डांबरच कितीतरी जास्त. आणि हे डांबर वर्षातला बहुतेक काळ मोकळं असतं. व्यावसायिक फुटबॉल संघाचे नियमित मोसमातले घरचे सामने आठ किंवा नऊ. कॉलेजचे सहा-सात. उरलेल्या साडेतीनशे दिवसांचं काय करायचं?

आरव्ही विकणाऱ्याची अडचण याच्या बरोबर उलटी. त्याच्याकडे माल आहे पण जागा कमी. एक मोटरहोम चाळीस फूट लांब असू शकते. गिऱ्हाइकाला निदान वीस-पंचवीस गाड्यांत शिरून, पलंगावर आडवं होऊन, न्हाणीत उभं राहून पाहायचं असतं. म्हणून स्टेडियमचं मोकळं डांबर आणि विक्रेत्याचा माल एकमेकांना शोधत येतात. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या चॉकलेटच्या गावी दर सप्टेंबरात जायंट सेंटर या आइस हॉकीच्या स्टेडियमभोवती देशातलं सर्वांत मोठं म्हणवणारं आरव्ही प्रदर्शन भरतं. हजाराहून जास्त गाड्या ओळीने मांडलेल्या, दारं उघडी, पायऱ्या लावलेल्या. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा डोममध्ये तर जानेवारीत प्रदर्शन थेट आतच असतं. १९८३ साली बांधलेला तो लाकडी घुमट ५३० फूट व्यासाचा आहे. त्याखाली घरांची गल्ली उभी करायची आणि माणसांनी एका घरातून दुसऱ्यात फिरायचं.

या घाईमागे व्याजाचं गणित आहे. विक्रेत्याच्या आवारातली गाडी बहुधा त्याच्या स्वतःच्या पैशाची नसते. कारखान्यातून ती निघते तेव्हा बँक किंवा वित्तसंस्था पैसे भरते, आणि गाडी आवारात येताच तिच्यावर व्याज चढायला लागतं. ती विकली की मुद्दल परत. काही महिने विकली गेली नाही तर मुद्दलातला काही भाग खिशातून भरावा लागतो. नव्या सालचं मॉडेल आलं की जुनं आणखी खाली उतरतं. म्हणून शरद ऋतूतली आणि जानेवारीतली ही प्रदर्शनं विक्रेत्याला श्वास घ्यायला मोकळीक देतात.

हा धंदा देशाच्या मनाची नाडीही दाखवतो. आरव्ही ही गरजेची वस्तू नाही, आणि ती बहुधा कर्जावर घेतली जाते. त्यामुळे पुढल्या काही वर्षांची खात्री वाटली तरच माणूस सही करतो. २००६ मध्ये कारखान्यांतून ३,९०,५०० गाड्या निघाल्या. २००९ मध्ये उरल्या १,६५,७००. एल्कहार्टमध्ये पाचातल्या एका माणसाला काम नव्हतं. नव्याने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष ओबामा फेब्रुवारीत तिथे येऊन गेले. मग कोविडची महासाथ आली. विमानं, हॉटेलं नकोशी झाली आणि २०२१ मध्ये ६,००,२४० गाड्या निघाल्या, आजवरचा उच्चांक. दोनच वर्षांत व्याजदर वाढले आणि आकडा ३,१३,१७४ वर आला. त्या चढउतारांत एल्कहार्टच्या किती कुटुंबांनी घरं घेतली आणि किती जणांनी विकली, हे आकड्यांत दिसत नाही.

मैदानाला नाव विकण्याची रीत तशी जुनी. १९७३ साली बफेलो शहरातल्या स्टेडियमला रिच कंपनीने पंचवीस वर्षांसाठी पंधरा लाख डॉलर दिले, तिथून ती रुळली. आपल्याकडे पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर सहारा समूहाचं नाव लागलं होतं आणि करार मोडल्यावर ते उतरलंही. पैशाने येणारं नाव पैशाने जातं, यात नवल नाही. पण नाव कुणाचंही असो, त्या दारातून आत कोण येऊ शकतं हा प्रश्न मोठा आहे, आणि ऑरलँडोच्या या मैदानाने त्याचं उत्तर एकदा फार वाईट दिलं होतं.

१९५८ साली याच बफेलोच्या विद्यापीठाला टँजरिन बोलचं आमंत्रण आलं. त्यांच्या इतिहासातलं पहिलं. संघात विली एव्हान्स आणि माइक विल्सन हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. मैदान भाडेपट्ट्याने शालेय क्रीडा संघटनेकडे होतं आणि तिच्या नियमात गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळायला मनाई होती. दोघांना वगळून या, असा निरोप आला. संघाने मतदान घेतलं आणि एकमुखाने आमंत्रण परत पाठवलं. बफेलोला पहिला बोल सामना खेळायला २००९ साल उजाडलं. त्या नकारानंतर काही वर्षांनी, ६ मार्च १९६४ रोजी, स्टेडियमच्या भिंतीला लागूनच असलेल्या टिंकर फील्ड या बेसबॉल मैदानावर मार्टिन ल्यूथर किंग बोलले. ऑरलँडोतलं त्यांचं तेवढंच जाहीर भाषण. २०१४ मध्ये स्टेडियम रुंदावलं तेव्हा त्या मैदानाचा बराच भाग गेला आणि पुढच्या वर्षी त्याची प्रेक्षकगॅलरी पाडली गेली. पटांगण आणि स्मृतिस्थळ राखलं आहे. ती गॅलरी पाडायला नको होती असं मला मनापासून वाटतं. साठ हजारांच्या मैदानाला शेजारची एक छोटी गॅलरी जड नव्हती.

प्रवासाचंही तसंच होतं. स्टेडियम उभं राहिलं त्याच १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालकर्मचाऱ्याने कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढायला सुरुवात केली. कुठल्या गावात खोली मिळेल, कुठे जेवू घालतील, कुठे पेट्रोल भरू देतील याची ती यादी होती. यादीत नसलेल्या गावात रात्र पडली तर गाडीतच झोपायचं, घरून बांधून आणलेलं खायचं. टिन कॅन टूरिस्ट्सनी जे हौसेने केलं ते या कुटुंबांना नाइलाजाने करावं लागे. अंथरूण, चूल आणि मोरी सोबत घेऊन फिरण्याचं मोल त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? १९९० च्या दशकात कृष्णवर्णीय आरव्हीधारकांची स्वतःची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

आणि १९९७ पासून ऑरलँडोच्या याच मैदानावर नोव्हेंबरात ‘फ्लोरिडा क्लासिक’ होतो. फ्लोरिडा ए अँड एम आणि बेथ्यून-कुकमन ही दोन ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठं समोरासमोर येतात. बेथ्यून-कुकमनचं मूळ म्हणजे मेरी मॅक्लाउड बेथ्यून या बाईंनी १९०४ साली डेटोना बीचमध्ये काढलेली मुलींची शाळा. ए अँड एमचा ‘मार्चिंग १००’ बँड विल्यम फॉस्टर यांनी १९४६ पासून घडवला आणि १९८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीच्या संचलनात तो पॅरिसच्या रस्त्यावरून वाजत गेला. सामन्याच्या दिवशी टँपाहून, जॅक्सनव्हिलहून, जॉर्जियातून माणसं येतात. तीन-तीन पिढ्या एका गाडीच्या सावलीला खुर्च्या टाकून बसतात, सकाळपासून शेगड्यांवर बरगड्या आणि मासे चढतात. या सामन्याची एक गोष्ट सगळे सांगतात: अर्धा खेळ संपला की खाण्यापिण्याच्या ठेल्यांकडे कुणी जात नाही. दोन्ही बँड मैदानावर उतरतात, सूसाफोनच्या रांगा वळतात, आणि जागा सोडून उठणाऱ्याला शेजारचा ओढून खाली बसवतो.